गिअर राहू द्या

‘व्हिंटेज’ हा शब्द मला सहन होत नाही. आमच्याकडे जुन्या वस्तूला जुनी म्हणतात, मोडकी असेल तर मोडकी म्हणतात आणि अगदीच कामातून गेली असेल तर भंगार म्हणतात. माझा मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि हा शब्द तिथून बुलढाण्याला घेऊन आला. दिवाळीच्या सुट्टीत तो चहाचा कप घेऊन मागच्या पडवीत गेला, कांद्याच्या पिशव्या बाजूला सारल्या आणि तिथूनच ओरडला, ‘‘आई, ही तर व्हिंटेज आहे!’’

ही म्हणजे माझी सायकल. दहा गिअरची, खाली वळलेल्या हँडलची रेसर. मी कॉलेजात असताना तिच्यावर शर्यती मारल्या. आता तिच्या हँडलला कांदे लटकत होते, मधल्या दांड्यावर माझ्या नवऱ्याचे बनियन वाळत होते आणि सीटवर फरशी पुसायचं फडकं पसरलेलं होतं. नवऱ्याला बोलायची सोय नाही, कारण फडकं मीच टाकायचे.

खरं तर सायकल बाहेर काढायची हे मी दिवाळीच्या आधीच ठरवलं होतं. गुडघा दुखायला लागला म्हणून डॉक्टरकडे गेले, तर ते म्हणाले, सायकल चालवा. मला हसू आलं. घरी येऊन एका रविवारी मी तिची साफसफाई काढली आणि दुपारचं जेवण मला गेलं नाही. सडलेल्या कांद्याचं पाणी हँडलवरून गळून पुढच्या चाकापर्यंत ओघळलेलं, आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट थर झालेला. हँडलची टेप सोलली तर आतून झुरळाची अंडी पडली. मागच्या गिअरच्या चकत्यांमध्ये केस, दोरे, पिसं आणि कसलंसं ओशट काहीतरी अडकून त्यांची एकच गोळी झाली होती. मी ते ब्रशच्या दांड्यानं कोरून काढत होते आणि मला उलटी येत होती. किळस त्या घाणीची येत होती तशीच माझीही येत होती. आपली म्हणवणारी एक वस्तू इतकी घाण होईपर्यंत मी रोज तिच्याजवळून कांदे काढून नेले होते.

ती सायकल माझ्या वडिलांनी घेऊन दिली होती. ते पिंपळगाव राजाला पोस्टमन होते आणि आयुष्यभर काळ्या जड सायकलवर टपाल वाटत फिरले. मी बुलढाण्याला हॉस्टेलवर राहून कॉलेज करत होते आणि सायकलच्या शर्यतीत माझं नाव गेलं होतं. तेव्हा बाबांनी अकोल्याच्या कुण्या साहेबाच्या मुलाची वापरलेली रेसर मिळवली आणि एसटीच्या टपावर टाकून घरी आणली. गावातल्या पोरांनी तिला ‘बोकड’ नाव ठेवलं, कारण हँडल बोकडाच्या शिंगांसारखं वळलेलं. मोठी माणसं नाव ठेवत नव्हती, नुसती बघत होती. त्या हँडलला पोरगी वाकून बसते म्हणून पारावरची चांगली वयस्कर माणसं मान वळवून वळवून बघायची. त्या नजरा आठवल्या की आजही मला आंघोळ करावीशी वाटते. मी रडत घरी आले तर बाबा म्हणाले, ‘‘तू पुढं पाह्य. मांगून पाह्यनाऱ्याचे डोये दुखतीन, तुयं काय जाते?’’

शनिवारी दुपारी हॉस्टेलवरून निघायचं आणि राजूर घाट उतरून मोताळ्यावरून घरी यायचं, हा माझा नेम होता. सोमवारी परत येताना मात्र सायकल एसटीच्या टपावर असायची, कारण तो घाट चढायची माझी टाप नव्हती. घाटाच्या तोंडाशी आलं की मी पाय थांबवायचे. पेडल स्थिर, पाय स्थिर आणि मागच्या चाकातून फ्रीव्हीलची ती किर्र टिकटिक सुरू. घरी पाणी शेंदणं होतं, आईच्या मागं विळा घेऊन जाणं होतं, हॉस्टेलवर मेसच्या पोळ्या लाटायची पाळी होती. पूर्ण आठवड्यात पाय न मारता मी पुढे जात असे ती एवढीच वेळ. मला शर्यती आवडायच्या असं सगळे धरून चालतात. मला तो उतार आवडायचा.

ही सायकल माझ्याबरोबर सासरी आली ती एका गैरसमजामुळे. विहारात साक्षगंध झालं, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा, आणि मग देण्याघेण्याची बोलणी निघाली. बाबा म्हणाले, पोरीची सायकल आहे. सासरे म्हणाले, ‘‘सायकल राहू द्या.’’ त्यांना म्हणायचं होतं की सायकल नको, तिचं इथे काय काम. बाबांनी ऐकलं की सायकल आहे तशी तिच्यापाशी राहू द्या. लग्नाच्या दिवशी त्यांनी ती धुऊनपुसून, हँडलला झेंडूचा हार घालून गाडीच्या टपावर बांधली. उतरवताना सासरच्या लोकांची जी तोंडं झाली ती बघण्यासारखी होती, पण पाहुण्यांसमोर कोणी बोललं नाही. त्यांनी बोलायचं काम नंतर केलं. मी शाळेत नोकरीला लागले, चार दिवस सायकलवर गेले आणि पाचव्या दिवशी सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, ‘‘राहू दे आता थे.’’ या वेळी अर्थ समजायला मला बाबांची गरज पडली नाही.

तर दिवाळीत ही सायकल मी घासूनपुसून ठेवली होती, तरी नवऱ्यानं पुन्हा तिच्यावर कांदे टांगले होते आणि ती मुलाला व्हिंटेज दिसली. मी सांगितलं की गुडघ्यासाठी दुरुस्त करून घेणार आहे. तो म्हणाला, ‘‘दुरुस्त नको, फिक्सी करू.’’

‘‘म्हणजे काय बाप्पा?’’

‘‘फिक्स्ड गिअर. हे गिअरबिअर सगळं काढून टाकायचं. मागे एकच चकती, तीही चाकाला पक्की. फ्रीव्हील नाही. चाक फिरलं की पेडल फिरणार. पाय थांबवताच येत नाहीत, तीच तर मजा आहे!’’

मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातातच राहिलं. ‘‘उतारावर पण?’’

‘‘उतारावर पण.’’

‘‘आन ब्रेक?’’

‘‘प्युअर फिक्सीला ब्रेक नसतात, आई.’’

ज्याला ब्रेक नाही आणि ज्यात पाय थांबत नाहीत, अशा गोष्टीला आमच्याकडे संसार म्हणतात, आणि त्यासाठी कोणी पुण्याला जात नाही. मी हे त्याला म्हणाले तर तो खूप हसला. मग त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले. कुठल्याशा कॉफीच्या दुकानात भिंतीला सायकली टांगलेल्या, कांद्यांशिवाय, आणि खाली दाढीवाले तरुण बसलेले. तो म्हणाला, ‘‘तू कुठे चालवणार आहेस ती? मी नेतो पुण्याला. इथं सडण्यापेक्षा बरं ना?’’ ते दाढीवाले आणि त्यांच्या त्या चकचकीत भिंती बघून मला बनियनांपेक्षा जास्त शिसारी आली. निदान बनियन कोणाच्या तरी अंगात जायचे.

तरी मी लगेच नाही म्हणाले नाही, हे सांगितलं पाहिजे. सायकलच्या दुकानदारानं आधीच सांगितलं होतं की मागचा गिअर बदलणारा दांडा वाकलाय आणि असा दांडा इथे मिळणार नाही. ठोकून सरळ करून बघतो, चालला तर चालला. मुलाचं म्हणणं ऐकलं तर सायकल नक्की रस्त्यावर आली असती, माझं ऐकलं तर कदाचित आली नसती. शिवाय दुसरीही एक गोष्ट होती. पुण्याला गेल्यापासून हा मुलगा माझ्या बोलण्याला हसायचा. ‘मले-तुले’ म्हणाले की मित्रांसमोर कानकोंडा व्हायचा. तोच मुलगा दोन दिवस माझ्या सायकलभोवती फिरत होता, मला शर्यतीबद्दल विचारत होता, बाबांबद्दल विचारत होता. मला मोह झाला. द्यावी करून फिक्स, न्यावी त्यानं, आपल्या एखाद्या वस्तूचा त्याला अभिमान तरी वाटेल असं मनात आलं. आईपणात माणूस किती लाचार होतं ते बघून माझा मलाच वीट आला.

सुट्टी संपवून तो परत गेला. मी कळवते म्हणाले. आठवडाभर मी शाळेत जाताना स्कूटीवर बसल्या बसल्या पाय हलवून बघत होते. न थांबणारं पेडल कसं लागत असेल? सकाळचा डबा, शाळा, तपासायच्या वह्या, संध्याकाळची भाजी, सासूबाईंची शेवटची दोन वर्षं, हे सगळं त्या पेडलसारखंच होतं आणि ते मला पुरेसं माहीत होतं. तेच हौसेनं सायकललाही लावून घ्यायची मला गरज नव्हती. मला तो घाट हवा होता. पुन्हा एकदा, पाय थांबवून, टिकटिक ऐकत. ठरलं. सायकल होती तशीच करायची, गिअर चालले तर चालले, न चालले तर एकाच गिअरवर चालवू, पण फ्रीव्हील जागेवर पाहिजे आणि ब्रेक नवे पाहिजेत.

सायकल सकाळीच दुकानात पोचवली होती, शाळा सुटल्यावर मी तिथे गेले. आता त्या दुकानाचं काय सांगावं! भिंत कमरेपर्यंत लाल. कोपऱ्यातल्या बादलीत पंक्चर बघायचं पाणी, ते लाल. दुकानदाराच्या तोंडात कायम खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा तोबरा, त्यामुळे तो हनुवटी आभाळाकडे करून बोलतो, म्हणजे शब्द सांडत नाहीत. त्या दिवशी त्यानं माझ्याकडे बघून तोंड उघडण्याआधी एका बाजूला जी पिंक टाकली ती माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर पडली. मी ओढणी नाकाला लावली आणि रस्त्यावरच उभी राहिले.

त्यानं आतून विचारलं, ‘‘मॅडम, ब्रेक नवे टाकतो. गिअरचं काय करू?’’

मी ओढणीतून सांगितलं, ‘‘गिअर राहू द्या.’’

‘‘मंग फिक्स?’’ त्यानं अंगठा वर केला.

‘‘हाव, फिक्स. शनवारी येते.’’

मी पळाले. आमच्या भागात प्रत्येक बोलणं फिक्सनं संपतं. मटण किती वाजता, फिक्स. सोयरीक, फिक्स. गाडी किती वाजता काढायची, फिक्स. आणि मला काय माहीत की माझ्या मुलानं जाण्याआधी या माणसाचा नंबर घेऊन त्याला फिक्सीचे व्हिडिओ पाठवून ठेवले होते!

शनिवारी सायकल दुकानाबाहेर उभी होती. चकाचक. हँडलला नवी काळी टेप, नवे ब्रेक. मागच्या चिखलपट्टीवर ‘आईचा आशीर्वाद’ असं रेडियमचं स्टिकर. ‘‘हे आपल्याकून फ्री, मॅडम,’’ तो हनुवटी वर करून म्हणाला. मी मागे वाकून बघितलं. गिअर नव्हते. दांडा नव्हता, चकत्या नव्हत्या. एकच चकती होती आणि तिच्याभोवती वेल्डिंगचा ओबडधोबड, फोडासारखा थर.

‘‘हे काय केलं?’’

‘‘फ्रीव्हीलले वेल्डिंग मारलं ना. आता कधीच नाई सुटत. फिक्स.’’

‘‘मी गिअर राहू द्या म्हणाले होते!’’

‘‘हाव ना,’’ तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका निरागस होता की मला त्याला चिमटा काढावासा वाटला. ‘‘तुमीच म्हनल्या, राहू द्या. म्हनून काढले.’’

जुने गिअर कुठे आहेत विचारलं, तर भंगारवाल्यानं नेले. वेल्डिंग सुटेल का, तर चाकाच्या मधली हबही त्यात धरली गेली, आता नवं चाकच लागेल आणि तसं चाक इथे नाही मिळत. मी तीस पोरांना वाक्याचे दोन अर्थ शिकवणारी मराठीची बाई. पिशवी देऊ का म्हटलं की राहू द्या म्हणजे नको, आणि दिवा राहू द्या म्हटलं की असू द्या, हे मी फळ्यावर लिहून दिलेलं आहे. बाबांना ज्या शब्दानं सायकल सासरी पाठवायला लावली, त्याच शब्दानं माझ्याकडून ती परत नेली. मी रस्त्यातच उभी राहून रडले. खर्ऱ्यानं भरलेल्या तोंडानं तो माणूस ‘‘रडू नोका ना मॅडम’’ म्हणत होता आणि मला अजूनच किळस येत होती.

मुलाला फोटो पाठवला तर तो हरखला. ‘‘आई, तू भारी आहेस! शेवटी तू ठरवलंस!’’ मी ठरवलं नव्हतं हे मी त्याला सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी रात्री तो पुण्याहून गाडी घेऊन आला, सायकल न्यायला.

दरम्यान मी ती एकदा मैदानावर चालवून बघितली. थोडा वेग आला, सवयीनं मी पाय थांबवले आणि पेडलनं माझा पाय असा उचलून फेकला की मी सीटवरून उडाले. गुडघा सुजला. चार पोरं हसली. सायकलनं मला लाथ मारली, तेवढं सासरीसुद्धा कोणी केलं नव्हतं.

रविवारी सकाळी मुलगा सायकल गाडीत टाकत होता. मी म्हणाले, ‘‘घाटाच्या तोंडाशी चाल.’’ त्याला वाटलं मला फोटो काढायचेत. राजूर घाटाच्या वरती गाडी थांबली. तिथे आता काय नाही! वेफर्सची पाकिटं, फुटक्या बाटल्या, खडकावर रंगानं लिहिलेले बदाम, कागदी प्लेटा चाटणारी माकडं. मी सायकल खाली घेतली, पिशवीतून पक्कड काढली आणि चेनचं लॉक दाबून चेन काढली आणि गुंडाळून गाडीच्या पायदानात टाकली. नव्या चेनला काळं तेल चोपडलेलं, माझे हात बरबटले.

‘‘आई, चेन काढलीस तर पाय कसे मारणार?’’

‘‘नाही मारायचे.’’

‘‘अगं, वेडी आहेस का? उतार आहे!’’

‘‘म्हनूनच तं,’’ मी म्हणाले. ‘‘ब्रेक नवे हायेत. तू मांगं मांगं ये.’’

मी बसले. चेन नाही, म्हणून पेडल गप्प. मी पाय ठेवले आणि ते तिथेच राहिले. सायकल आपोआप सुटली. पहिल्या वळणाला मी हँडल घट्ट धरलं, मग हातांना ब्रेक आठवले आणि मग सगळंच आठवलं. वारा, रस्त्याकडेची झाडं, खाली दिसणारं राजूर. मागून मुलाच्या गाडीचा आवाज येत होता. एक चिलट तोंडात गेलं, मी थुंकले, घाटात थुंकणाऱ्यांत माझी भर पडली. फक्त ती टिकटिक नव्हती. फ्रीव्हील वितळून गेलं होतं आणि सायकल मुकी उतरत होती. कुठल्याशा वळणावर मी तोंडानंच टिकटिक करायला लागले. मला माझी लाज वाटली नाही.

खाली पोचले तेव्हा मी ब्रेक दाबून उतरले. मुलानं गाडी लावली, मागचा दरवाजा उघडला आणि सायकलला हात लावला. त्याचा चेहरा उतरलेला होता. मी जिच्यावर घाट उतरले ती फिक्सी नव्हती, हे त्याला कळलं असावं.

‘‘आई,’’ तो म्हणाला, ‘‘मग नेऊ पुण्याला?’’

‘‘राहू दे.’’

तो सायकल धरून तसाच उभा राहिला. ‘‘राहू दे म्हणजे? गाडीत राहू दे, का नेणं राहू दे?’’

माझ्या मुलानं पहिल्यांदा मला अर्थ विचारला होता. बाबांनी विचारला नव्हता, दुकानदारानं विचारला नव्हता. सासूबाईंना तर विचारायची सोयच नव्हती. मी गाडीच्या पायदानात गुंडाळून ठेवलेली चेन उचलली आणि त्याच्या स्वच्छ तळहातावर ठेवली.

‘‘सायकल माह्यापाशी राहू दे,’’ मी म्हणाले. ‘‘हे मापाले घेऊन जाय. आन येताना फ्रीव्हीलवालं चाक आन. पुन्यात भेटत असन ना, व्हिंटेज?’’

त्याचा हात काळा झाला होता. तो हात कुठे पुसावा हे त्याला कळत नव्हतं.